जुन्या मापन-मायक्रोफोनसाठी घरी बांधलेला पॉवर सप्लाय: दहा महिन्यांनंतर

जानेवारीत बांधलेला हा डबा ऑक्टोबर संपत आला तरी आठवड्यातून तीन-चारदा चालतो आहे. त्याच्यावर चालते ती ब्र्युएल अँड केअरची ४१३४ ही अर्ध्या इंचाची कॅप्सूल (आवाज पकडणारा माइकचा पुढचा भाग) आणि २६१९ प्रीअँप (कॅप्सूलचा क्षीण सिग्नल पुढे नेणारा). ही डॅनिश जोडी मला एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेच्या सामानातून मिळाली. मूळ सप्लाय त्यात नव्हता आणि तसा जुना विकत घेणं मला परवडणारं नव्हतं. मी घरी स्पीकर बनवतो, त्यांची मोजणी करायला एक भरवशाचा माइक हवा होता.

४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर (माइकच्या तारेतूनच मिळणाऱ्या विजेवर) हे काम होत नाही. कॅप्सूलचा पडदा आणि मागची पट्टी यांच्यात साधारण २० मायक्रॉनची फट असते, आणि तिच्यावर २०० व्होल्टचा दाब लागतो. हे २०० 'अंदाजे' असून भागत नाही. संवेदनशीलता त्या दाबाच्या प्रमाणात बदलते. २००चे १८० झाले की जवळजवळ १ डेसिबल गेला. प्रीअँपला वेगळे २८ व्होल्ट दिले आहेत. तो १२० वरही चालतो, आणि फार मोठे आवाज मोजायचे असतील तर तेच द्यावेत. माझ्या कामाला २८ पुरले.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १५ व्होल्टचे दोन साधे ट्रान्सफॉर्मर आणले आणि पाठीला पाठ लावून जोडले: पहिला २३० खाली आणतो, दुसरा उलटा लावल्यामुळे पुन्हा वर चढवतो. डीसी करून शंभर-शंभर व्होल्टचे दोन झेनर (ठरावीक व्होल्ट धरून ठेवणारे डायोड), मग १० मेगाओहमचा रेझिस्टर आणि कपॅसिटर. प्रीअँपच्या जुन्या प्लगच्या सात पिनांपैकी कुठली पिन कशाची, हे मॅन्युअलमधल्या आकृतीवरून पक्कं केल्याशिवाय काहीही जोडलं नाही.

पहिला आठवडा फुकट गेला. मीटर १०० दाखवायचा. झेनर बदलले, डायोड बदलले, तरी १००च. माझ्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम, रेझिस्टरही तेवढाच. दोघं दाब निम्मा-निम्मा वाटून घेत होते. सर्किट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मोजायचं ते रेझिस्टरच्या आधी.

पण तिथे बरोबर २०० आले तरी कॅप्सूलला २०० मिळतातच असं नाही, हे कॅलिब्रेटरने (माइकला ठरावीक पातळीचा आवाज ऐकवणाऱ्या उपकरणाने) शिकवलं. १ किलोहर्ट्झ, ९४ डेसिबलला जवळजवळ अर्धा डेसिबल कमी येत होता. मी हाताशी होता म्हणून इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला होता. तो १ मायक्रोअँपियर जरी गळला तरी १० मेगाओहमवर १० व्होल्ट पडतात. फिल्म कपॅसिटर लावला आणि आकडा जागेवर आला.

तेव्हापासून प्रत्येक मोजणीआधी कॅलिब्रेटरचा आकडा वहीत लिहितो, आणि मे महिन्यात त्या वहीचा उपयोग झाला. जानेवारीच्या सकाळपेक्षा माळ्यावरची खोली २० अंशांनी तापली होती. शंभर व्होल्टचा झेनर दर अंशाला साधारण हजारात एक भाग वर सरकतो, म्हणजे २०० व्होल्टवर ४ व्होल्ट, आणि ०.१७ डेसिबल. स्पीकर ऐकताना हे कळणारही नाही, पण मापन-माइक बाळगायचा आणि हे चालवून घ्यायचं हे मला पटेना. झेनर काढून टीएल४३१ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी चिप) आणि उच्च दाबाचा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) यांचं नियंत्रण बसवलं. मला विचाराल तर सुरुवातच तिथून करा.

खरी परीक्षा जुलैने घेतली. चार दिवस संततधार लागली आणि माइकमधून तडतड सुरू झाली. आधी जीव कॅप्सूलसाठी घाबरला. पण ती काढून ठेवली तरी तडतड थांबेना. दोष माझ्या बोर्डावर होता: १० मेगाओहमच्या आसपास सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) तसाच राहिला होता, दमट हवेत त्यातूनच करंट वाट काढत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड दोनदा धुतला, तो भाग पीसीबीवरून उचलून टेफ्लॉनच्या खुंट्यांवर घेतला. त्यानंतर गणपतीतल्या पावसातही शांत. कॅप्सूल मात्र तेव्हापासून सिलिका जेलच्या बरणीत राहते. जेल गुलाबी पडलं की मंद आचेवर वाळवून पुन्हा निळं करतो.

लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं येते, ती अजून आहे. मोजताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवतो.

स्पीकर किंवा खोलीच्या मोजणीसाठी हा सप्लाय मी मनापासून बांधायला सांगेन. ध्वनिप्रदूषणाची तक्रार, कोर्टकचेरी असल्या कामांना नाही. तिथे प्रमाणित उपकरणच हवं.

आणि हात सांभाळा. १० मेगाओहमच्या पुढे फार तर २० मायक्रोअँपियर मिळतात, पण त्याच्या अलीकडच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये २७० व्होल्ट भरलेले असतात. त्याच्यावर १ मेगाओहमचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) आणि एक निऑन दिवा लावला आहे. चालू सप्लायवर कॅप्सूल काढली तर प्रीअँपचा एफईटी (आतला नाजूक ट्रान्झिस्टर) जाऊ शकतो. म्हणून बटण बंद करतो, निऑन विझायची वाट बघतो, त्यावर मनात साठ मोजतो, आणि मग कॅप्सूलला हात लावतो.