जुन्या कारच्या रेडिओला पूर्ण लांबीचा अँटेना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या कारमधला रेडिओ खरखरू लागला की बहुतेक जण एक तर रेडिओच बदलतात, नाहीतर अँटेनाच्या वायरीत संदेश वाढवणारा बूस्टर जोडतात. माझ्या कारच्या पुढच्या मडगार्डवर आधीच्या मालकाने आखूड रबरी दांडी बसवली होती. ती काढून मी तिच्या जागी ओढून वाढवता येणारा, पूर्ण लांबीचा धातूचा अँटेना त्याच्या स्वतःच्या केबलसह बसवला. रेडिओ मूळचाच ठेवला. कडक ऊन, भर पाऊस, महामार्ग आणि शहरातील गर्दी अशा सगळ्या परिस्थितींतून गेल्यावर सांगता येईल की फरक स्पष्ट जाणवण्याइतका आहे, मात्र त्याचे मोठे श्रेय दांडी पत्र्याला कशी जोडली आहे याला जाते.

एफएमची प्रसारणे बहुतेक देशांत 87.5 ते 108 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटर, म्हणजे तिचा चौथा भाग 75 सेंटिमीटर. जुन्या कारवरच्या दांड्या साधारण एवढ्याच लांब का असत, याचे उत्तर या हिशेबात आहे. आखूड दांडीत तार गुंडाळून विद्युतदृष्ट्या लांबी भरून काढता येते, पण प्रत्यक्ष आकार लहान असल्यामुळे ती कमी संदेश गोळा करते. शहरात प्रक्षेपक जवळ असल्याने हे लक्षातही येत नाही. शहर मागे पडू लागले की आखूड दांडीवरची स्टेशने एकेक करून खरखरीत बुडतात. पूर्ण लांबीच्या दांडीवर तीच स्टेशने आता बरेच पुढेपर्यंत ऐकू येतात.

चौथ्या भागाची दांडी हा मात्र अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे कारचा पत्रा. केबलच्या मधल्या तारेभोवतीची बाहेरची जाळी दांडीच्या बुडाशी पत्र्याला घट्ट जोडलेली नसेल, तर जाळीच अँटेनाचे काम करू लागते आणि डॅशबोर्डखालचा, इंजिनाच्या बाजूचा सगळा विद्युत गोंगाट आत ओढून घेते. माझ्या मडगार्डच्या भोकाभोवती आतल्या बाजूने रंगाचा थर होता आणि त्याखाली गंज धरलेला होता, त्यामुळे आधीच्या दांडीचा नट कितीही आवळला असता तरी उपयोग नव्हता. वॉशर टेकतो तेवढीच जागा आतून पॉलिश पेपरने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, नट आवळला आणि नंतर उघड्या पत्र्यावर व्हॅसलीनचा पातळ थर दिला. पावसाळा संपल्यावर तो जोड पुन्हा मोजला, तेव्हा मल्टिमीटर पूर्वीइतकाच रोध (विजेला होणारा अडथळा) दाखवत होता. केवळ नवी दांडी जुन्या गंजावर बसवली असती, तर हा अभिप्राय वेगळा झाला असता.

मोजणी कशी करावी हे थोडे सविस्तर सांगतो, कारण कोणताही भाग विकत घेण्याआधी ती करण्यासारखी आहे. अँटेनाचा प्लग रेडिओतून बाहेर काढावा. तो आत असताना रेडिओच्या धातूच्या खोक्यातून पत्र्याशी दुसरा मार्ग तयार होतो आणि बुडाशी जोड तुटलेला असला तरी मीटर सगळे ठीक असल्याचे दाखवतो. प्लगची मधली पिन आणि दांडीचे टोक यांत अखंड जोड दिसला पाहिजे, मधली पिन आणि बाहेरची कडी यांत काहीही दिसता कामा नये, आणि बाहेरची कडी व पत्रा यांतला रोध शून्याच्या जवळ असला पाहिजे. पिन आणि कडी यांत थोडाही जोड दिसला, तर केबलमध्ये पाणी शिरले आहे असे समजायला हरकत नाही. ही परीक्षा साध्या दांडीसाठी आहे; आत संदेश वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या अँटेनाला ती लागू पडत नाही.

केबलचा विषय मला सर्वांत रंजक वाटला आणि दुकानदार नेमके त्यावरच काही बोलत नाहीत. मीडियम वेव्हवर, म्हणजे एएम प्रसारणाच्या पट्ट्यावर, 1000 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी 300 मीटर असते. तिच्यापुढे पाऊण मीटरची दांडी नगण्य ठरते. ती सुमारे 10 पिकोफॅरडच्या छोट्या कपॅसिटरसारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी, वागते. केबललाही स्वतःची धारकता (पिकोफॅरडमध्ये मोजली जाणारी साठवणक्षमता) असते, आणि दांडीने पकडलेला संदेश या दोहोंत वाटला जातो. टीव्ही किंवा वायरलेस सेटसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या केबलची धारकता याबाबतीत फार जास्त असते. 50 ओहमच्या केबलची तर दर मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड. अशी दोन मीटर केबल टाकली की मीडियम वेव्हचा बहुतांश संदेश तिथेच संपतो. म्हणूनच कार अँटेनाच्या खास केबलमध्ये केसासारखी बारीक तार पोकळ प्लॅस्टिकच्या नळीत सैल सोडलेली असते. कोणी हौसेने ‘चांगल्या प्रतीची’ जाड केबल टाकली, तर एफएम तसेच राहते आणि मीडियम वेव्ह मरते. माझ्या अँटेनासोबत योग्य केबल आली होती, आणि एरवी फक्त रात्री जेमतेम ऐकू येणारी मीडियम वेव्हची स्टेशने आता दिवसाही लागतात. जुन्या, हाताने स्टेशन लावायच्या रेडिओवर अँटेनाच्या सॉकेटजवळ किंवा बटणामागे रेडिओ दांडीशी जुळवून घेण्यासाठी एक छोटा ट्रिमर स्क्रू असतो. दांडी पूर्ण वर काढून, 1400 किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण स्टेशन लावावे आणि आवाज सर्वाधिक होईल तिथे तो स्क्रू थांबवावा. नवी दांडी बसवल्यावर हे केले नाही, तर निम्मा फायदा पदरात पडत नाही.

बूस्टरही काही काळ लावून पाहिला. कारमधली केबल इतकी आखूड असते की एफएमवर तिच्यात फारसा संदेश वाया जातच नाही. मग बूस्टर भरून काय काढणार? तो संदेशाबरोबर खरखरही वाढवतो, आणि प्रक्षेपकाजवळून जाताना एकच जोरकस स्टेशन डायलवर भलत्याच जागी उमटू लागते. मी तो काढून टाकला. काचेवर किंवा काचेत बसवलेल्या अँटेनाची गोष्ट निराळी: त्यात बहुतेक वेळा मुळातच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला 12 व्होल्टचा पुरवठा लागतो. रेडिओ बदलताना ती वायर जोडायची राहून जाते आणि दोष विनाकारण नव्या रेडिओला दिला जातो.

दांडी कितीही उत्तम असली तरी कारमध्येच निर्माण होणारा गोंगाट तिने थांबत नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक स्पार्क प्लगकडून येते, तर शीळ घातल्यासारखा चढता सूर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडून. गोंगाट चालू असताना अँटेनाचा प्लग उपसावा. तो थांबला तर अँटेनातून येतो आहे, चालूच राहिला तर पुरवठ्याच्या वायरीतून. माझ्याकडे रोधयुक्त स्पार्क प्लग घातल्यावर टकटक बरीच कमी झाली, आणि बॉनेटपासून पत्र्यापर्यंत विणलेल्या तांब्याची पट्टी जोडल्यावर राहिलेलीही दबली, कारण रंगवलेल्या बिजागरीवर टेकलेले बॉनेट विद्युतदृष्ट्या जवळजवळ सुटेच असते. एफएमवरची उरलेली खरखर शेवटी मोबाइलच्या एका स्वस्त चार्जरची निघाली.

जे सुधारले नाही तेही सांगायला हवे. उंच इमारतींमध्ये सिग्नलला थांबल्यावर आवाज अचानक फाटतो आणि कार थोडी पुढे सरकवली की पूर्ववत होतो. थेट आणि परावर्तित लहरी एकमेकींना त्या जागी खोडून काढतात, त्यावर एका दांडीचा इलाज नाही. दोन अँटेनांमधून चांगला संदेश निवडणारी यंत्रणा असलेल्या रेडिओलाच ते जमते. लांबच्या प्रवासात क्षीण स्टेशन ऐकायचे असेल, तर रेडिओवरचे मोनोचे (दोन्ही स्पीकरवर एकच आवाज देणारे) बटण दाबणे हा फुकटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे, कारण स्टीरिओसाठीचा जादा भाग खरखरीला फार लवकर बळी पडतो. दांडीपुरत्या तक्रारी दोनच आहेत. वेग वाढला की ती बारीक शीळ घालते, आणि कार धुण्याच्या यंत्रात जाण्यापूर्वी ती आठवणीने खाली करावी लागते. तिच्या सांध्यांत धूळ बसली की दांडी अडकते आणि आतला संपर्कही बिघडतो. म्हणून खाली करण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून घेतो, आणि ग्रीस मात्र मुळीच लावत नाही, कारण त्याला धूळ अधिकच चिकटते.