दाभोळजवळचा होमस्टे, रमजानात

आधीच सांगतो, खोलीत बसून बिअर मारायचा प्लॅन असेल तर इथे जाऊ नका. बुकिंगच्या फोनवरच सांगतात की दारू आत आणायची नाही, कारण ते घर आहे, घरचे लोक तिथेच राहतात आणि त्यांच्या धर्मात ती हराम. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, मी, बायको आणि आई, तेव्हा नेमका रमजान चालू होता. जेवणाला पाचपैकी पाच, खोलीला तीन, पार्किंगला दीड (गल्ली इतकी अरुंद की रिव्हर्स घेताना बायको खाली उतरून ओरडत होती).

घर जुनं कौलारू, मागे माड-सुपारी, खाडी चालत जाण्याइतकी जवळ. गाद्या पातळ, वायफाय म्हणजे नुसता बोर्ड. पहाटे साडेचारपासून भांडी वाजायला लागतात कारण सहरी, म्हणजे रोजाच्या उपवासाआधीचं खाणं, करायची असते, मग फज्रची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची अजान, तर ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मागची खोली मागून घ्या. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन चेक-इन नाही, पुरुष जुम्म्याच्या नमाजला जातात.

घर चाचा-चाची चालवतात. चाचा जहाजावर नोकरी करून रिटायर झालेले. आपसात बोलतात ती बोली ऐकली तर कुठल्याही कोकणी घरातली वाटेल. दिवसा ते स्वतः पाण्याचा थेंब घेत नाहीत पण आपल्याला वेळच्या वेळी चहा, नाश्ता, जेवण सगळं मिळतं. आईला त्याचाच संकोच, ती एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारी, तिने चाचींना विचारलंच की पाणीपण नाही? चाची म्हणाल्या, फज्रपासून सूर्य मावळेपर्यंत काही म्हणजे काही नाही, आणि नुसतं पोट उपाशी ठेवून भागत नाही, खोटं बोलायचं नाही, कुणाची चहाडी करायची नाही. आजारी, प्रवासी, गरोदर बाई यांना सूट असते, सुटलेले रोजे नंतर भरून काढतात. आई म्हणाली चहाडी न करणं जास्त अवघड आहे हो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी का सरकतो तेही इथे कळलं. त्यांचं वर्ष निव्वळ चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं, आपण मध्ये अधिक मास टाकून गाडी रुळावर आणतो तसं ते आणत नाहीत. त्यामुळे कधी पावसाळ्यात रोजे, कधी मे महिन्याच्या उकाड्यात, आणि 2030 साली तर रमजान एकाच वर्षात दोनदा लागणार, जानेवारीत आणि डिसेंबरात.

आता जेवण. पावणेसातच्या सुमारास मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची अजान झाली की आधी खजूर आणि पाणी, मग कलिंगड, भजी, समोसे, आणि गेस्टलाही त्याच चटईवर बसवतात. रात्री कोळंबीची बिर्याणी, तांदळाची भाकरी, सोलकढी, एक दिवस सांदणं नारळाच्या दुधाबरोबर, त्यासाठी मी परत जाईन. आई शाकाहारी, तिची भांडी वेगळी ठेवली होती, न सांगता. मी म्हटलं मासे पण हलाल करावे लागतात का, तर चाचा हसले, माशाला कापायचा विधी नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे (सुन्नींमधल्या धर्मनियमांच्या परंपरांपैकी एक), अरबी व्यापाऱ्यांच्या काळापासूनचा संबंध, उत्तरेकडे बहुतेक हनफी ही दुसरी परंपरा मानणारे, आणि त्या हनफींमध्ये कोळंबी चालते की नाही यावर अजून वाद आहे. कोळंबीवर वाद घालणारे लोक दाभोळला टिकले नसते हे माझं मत.

रात्री तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज आटोपून चाचा ओट्यावर बसतात आणि आई त्यांना प्रश्न विचारते, असा कार्यक्रम झाला. तुम्ही महंमदांची पूजा करता ना? तर अजिबात नाही. देव एकच, त्याला आकार नाही, मूल नाही, भागीदार नाही, आणि महंमद त्याचे शेवटचे प्रेषित, पण माणूसच. मक्केत जन्मले, चाळिशीत, म्हणजे साधारण 610 साली, कुराण उतरायला सुरुवात झाली, 622 ला मदिनेला गेले, 632 ला तिथेच वारले. त्यांच्या आधीचे इब्राहिम, मूसा, ईसा हेही प्रेषितच. ईसा म्हणजे येशू, देवाचा मुलगा नाही मानत पण मान पूर्ण, आणि त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाचं कुराणात प्रकरण आहे. आईला हे फार आवडलं. मग पुनर्जन्म? नाही, एकच आयुष्य, शेवटी कयामतच्या दिवशी सगळ्यांना उठवून हिशेब. एकच? मग तुम्हाला घाई असेल, आई म्हणाली, आणि चाचा इतके हसले की चाची आतून बाहेर आल्या.

हिशेबावरून आठवलं, चाचांची वहीच होती शेजारी, जकातीची. वर्षभर बाजूला राहिलेल्या पैशा-सोन्यावर, ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर, अडीच टक्के गरिबांना द्यायचे, आणि अनेक जण ते रमजानातच काढतात. हजचंही बोलणं निघालं, ऐपत आणि तब्येत असेल तर आयुष्यात एकदा. त्यांचे वडील मुंबईहून जहाजाने गेलेले, ती जहाजं 1995 ला बंद झाली, हे दोघं विमानाने गेले.

चाचा सांगतात तेच सगळे मुसलमान मानतात असं समजू नका बरं का. शिया-सुन्नी आहे, दर्ग्याला आणि उरुसाला जाणारे आणि ते चुकीचं म्हणणारे आहेत, आणि समाजसुधारक लेखक हमीद दलवाई तर इथलेच, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, ज्यांनी मुस्लिम समाजात सुधारणा व्हावी म्हणून 1970 ला मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. मी मुद्दाम त्यांचं नाव काढलं. हुशार माणूस, पण माझं पटत नाही, एवढंच बोलून चाचांनी विषय बदलला. मला ते आवडलं, चिडले नाहीत.

दाभोळची शाही मशीद बघाच, अंडा मशीदही म्हणतात, सतराव्या शतकातली, आदिलशाही काळातली. आत ना मूर्ती ना चित्र, पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा, तो मक्केची दिशा दाखवतो. कोकणात त्यामुळे समुद्राकडे तोंड करूनच नमाज होते, किंचित उत्तरेला कलून.

पैसे रोख न्या, ऑनलाइनला रेंज दगा देते. गुहागरकडून येत असाल तर धोपाव्याहून फेरी बोट आहे, गाडीसकट चढता येतं, वळसा वाचतो. रमजानात जाणार असाल तर फोन संध्याकाळी सहा ते आठ करू नका, कुणी उचलणार नाही, आणि ईदच्या आठवड्यात खोल्या देत नाहीत, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं.