चुलत्यांचा बी-275: बांधून घेतल्यावरचे आठ महिने

इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टर, 1974चं मॉडेल. चुलत्यांनी नवा घेतलेला, नंतर अकरा वर्षं गोठ्यामागे उभा होता. गेल्या दिवाळीनंतर बांधून घेतला: बोअर-पिस्टन, क्लच प्लेट, वायरिंग, मागचे टायर. एक लाख साठ हजार गेले. तेवढ्यात चालू स्थितीतला जुना ट्रॅक्टर मिळाला असता, हे आधीच सांगतो.

आजच्या महिंद्राच्या 275मधला आकडा इथूनच आलाय. मूळ घराणं इंग्लंडचं. ब्रॅडफर्डला जॉवेट मोटारींचा कारखाना बंद पडला, तो 1954 साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने घेतला आणि तिथे बी-250 बनवायला सुरुवात केली. बी-275 ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती. 1963 साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून आपल्याकडे कंपनी काढली आणि ट्रॅक्टर मुंबईत, कांदिवलीला बनू लागला. 1977 साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. म्हणजे आमचा त्याआधीचा.

हे सगळं मला कळलं ते पान्यामुळे. पहिल्याच आठवड्यात एक बोल्ट खोलायला गेलो. चौदाचा पाना चढेना, पंधराचा चढला आणि फिरला, बोल्टच्या कडा गोल! मिस्त्री हसले. म्हणाले, "दादा, हा इंची आहे, नऊ-सोळांश आणा." मोजलं तर 14.3 मिमी. तेव्हापासून इंची पान्यांचा वेगळा डबा टूलबॉक्समध्ये. हा ट्रॅक्टर घेणाऱ्याने आधी तो डबा घ्यावा.

इंजिन चार सिलिंडर, 144 घन इंच, म्हणजे साधारण 2,360 सीसी. ताकद 35 एचपीच्या आसपास. थंडीत हिटर (इंजिनातली हवा आधी तापवणारा) दिल्याशिवाय उठत नाही. वीसपर्यंत मोजायचं, मग सेल्फ. पांढरा धूर सोडतो, दोन-तीनदा अडखळतो आणि लागतो तो असा लागतो, की शेजारच्या वस्तीवर कळतं. पुढचे आठ गिअर आहेत, त्यामुळे कोळपणीला हवा तसा सावकाश चालतो. फणपाळीला ताशी अडीच-तीन लिटर डिझेल खातो. मोठा रोटाव्हेटर मात्र याच्या गळ्यात बांधू नका. मी एकदा बांधला, अर्ध्या एकरात पाणी उकळलं. ओल्या सरीत एक चाक फिरायला लागलं की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक दाबायचा, सोडायचं विसरलात तर वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही.

खरा ताप ब्रेकचा झाला. याला कोरडे, म्हणजे तेलात न बुडणारे डिस्क ब्रेक आहेत. जिथे काम दिलं तिथे उजव्या बाजूचं ऑइल सील (तेल अडवणारं कडं) तिरकं बसवलं होतं. महिन्याभरात तेल डिस्कवर आलं. ट्रॉलीत ऊस, समोर ओढ्याचा उतार, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढली जायची. बिलात सीलचे पैसे होते, पण दुरुस्तीला गेलो तर "तुमची हाऊसिंगच (सील बसतं ती जागा) घासली" असं उत्तर. चाक उतरवून गावच्या मिस्त्रींनी अडीच तासांत नवं सील बसवलं. रस्त्यावर निघताना डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडल कडीने जोडा, ही चुलत्यांची शिकवण त्या दिवसापासून चुकवत नाही.

मागची अवजारं उचलणारी लिफ्ट रात्रीतून खाली बसते, ते मी मान्य करून टाकलंय. लाल रंगसुद्धा मूळ छटेचा जमला नाही, जरा भगवा दिसतो. आता डाव्या बाजूला चाकाच्या आतून तेलाची रेघ दिसायला लागलीय. सोयाबीनची टोकणी उरकली की तेही चाक उतरवायचं.