विणकामाच्या नमुन्यांसाठी आडव्या चौकटींची वही: साताऱ्यातील एका छपाई-बाइंडिंगच्या दुकानाचा अनुभव

लहान बाळांचे स्वेटर, टोपडी, मोजे आणि दुपटी यांचे विणकामाचे नमुने मी गेली सहा वर्षे तयार करते. नमुना तयार करणे आणि विणणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे बाळंतविड्यासाठी ऑर्डर देणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. किती टाके घालायचे, मुंढा कोणत्या ओळीला सुरू करायचा, दोन टाके एकत्र कुठे घ्यायचे आणि तीन वेगवेगळ्या मापांत तीच नक्षी बरोबर मध्यावर कशी आणायची, हे सारे कागदावर असे मांडावे लागते, की माझ्याशी कधीही न बोललेल्या बाईलाही त्यावरून विणता यावे. त्यासाठी डोके शांत हवे आणि वेळ सलग हवा. पहाटे पाण्याची वेळ, मग चौथीतल्या मुलाचा डबा, यजमानांच्या एमआयडीसीतल्या पाळ्या, सासूबाईंची औषधे, संध्याकाळी अभ्यास, अशा दिवसात मला वेळ मिळतो तो दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. त्यामुळे ज्या वहीची मी येथे समीक्षा करीत आहे, ती मला दोन कसोट्यांवर तपासावी लागली. तिच्यावर काढलेली नक्षी विणल्यावर तशीच दिसते का, ही पहिली. आणि अर्ध्या ओळीवर सोडून उठले तर परत येऊन तिथूनच सुरुवात करता येते का, ही दुसरी.

वही बाजारात तयार मिळत नाही. राजवाडा परिसरातील एका लहानशा झेरॉक्स, छपाई आणि बाइंडिंगच्या दुकानातून मी ती सांगून बांधून घेतली. तिची गरज का पडली, हे आधी सांगायला हवे, कारण अनेक वर्षे मीही इतरांप्रमाणे मुलाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीवरच नक्षी काढत होते.

विणकामातला टाका चौरस नसतो. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या, तर साध्या विणीत, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट अशा विणीत, १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. याचा अर्थ एक टाका रुंदीला साडेचार मिलिमीटर आणि उंचीला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिलिमीटर होतो. गणिताच्या वहीतला चौकोन मात्र दोन्ही बाजूंनी सारखा. एकदा खण आळीतून आणलेल्या साडीच्या काठावरची कोयरी मला फार आवडली, म्हणून दुपट्याच्या कोपऱ्यासाठी ती मी २० चौकोन रुंद आणि ३० चौकोन उंच अशी काढली. कागदावर ती सडपातळ, डौलदार दिसत होती. विणून झाल्यावर तीच कोयरी ९ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच भरली. सासूबाईंनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, कोयरी कुठली, हा तर कंदी पेढा झाला." दुपटे उसवले, पण त्यात गेलेले तीन आठवडे परत मिळाले नाहीत.

उपाय सोपा होता. चौकोनाची रुंदी ४ आणि उंची ३ या प्रमाणात ठेवली, की मध्यम लोकरीचे साधे विणकाम त्यात जवळपास तंतोतंत उतरते. बारीक, चार पदरी लोकरीत १० नंबरच्या सुयांवर १० सेंटिमीटरला २८ टाके आणि ३६ ओळी येतात. तिथेही हे प्रमाण चालण्याइतके जवळ आहे. त्याच कोयरीला या कागदावर ४१ ओळी द्याव्या लागल्या आणि ती पुन्हा कोयरी झाली. त्यामुळे आडव्या ए-फोर कागदावर ४ बाय ३ मिलिमीटरचे चौकोन, रुंदीला ६६ आणि उंचीला ६०, प्रत्येक दहावी रेघ जाड, अशी आखणी मी संगणकावर केली आणि पेन ड्राइव्हमध्ये घेऊन दुकानात गेले.

पहिल्याच दिवशी काम बिघडले, आणि त्यातला मोठा वाटा माझा होता. मी एक्सेलची फाईल नेली होती. एक्सेलमध्ये ओळीची उंची पॉइंटमध्ये मोजली जाते आणि स्तंभाची रुंदी मात्र त्या संगणकावरच्या मूळ फॉन्टमधल्या अंकाच्या रुंदीवरून ठरते, त्यामुळे दुकानातल्या संगणकावर फाईल उघडताच माझे चौकोन अरुंद झाले. दुकानातल्या काकांनी दहा पाने छापूनही टाकली होती. माझ्या डोळ्यांना ती लगेच खटकली, पण खटकण्याचे कारण त्यांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. शेवटी पर्समधला विणलेला तुकडा काढून त्यांच्या काउंटरवर ठेवला आणि पट्टीने एक टाका मोजून दाखवला. त्यानंतर मात्र त्यांनी जे केले, त्यासाठी मी हे दुकान लक्षात ठेवले. त्यांनी माझ्यासमोर एक पान छापले, पट्टीने दहा चौकोन आडवे आणि दहा उभे मोजले, आणि माझी मान होकारार्थी हलेपर्यंत पुढचे पान छापले नाही. वाया गेलेल्या पानांचे त्यांनी निम्मेच पैसे घेतले. दुसऱ्या खेपेला मी पीडीएफ नेली आणि हा प्रश्न कायमचा मिटला.

दुसरी चूक दुकानाची होती, आणि ती मला घरी आल्यावर कळली. छापताना पानाच्या आकारात बसवण्याचा पर्याय सुरू राहिल्यामुळे २६४ मिलिमीटर भरायला हवी असलेली जाळी २५१ मिलिमीटरच भरली. सुरुवातीला मी चिडले. मग लक्षात आले, की उंची आणि रुंदी दोन्ही सारख्याच प्रमाणात आखडल्या असल्याने नक्षीच्या आकारात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो पट्टीने थेट सेंटिमीटर मोजणाऱ्याला, आणि मी तर टाके मोजते. तरीही खरे माप हवे असणाऱ्यांनी छापण्यापूर्वी शंभर टक्के आकारात छापा, असे स्पष्ट सांगावे.

रेघांच्या रंगाबाबत मात्र माझी तक्रार कायम आहे. पेन्सिलीच्या खुणा उठून दिसाव्यात म्हणून मला फिकट राखाडी रेघा हव्या होत्या. काळ्या लेझर प्रिंटरवर फिकट राखाडी रेघ म्हणजे बारीक ठिपक्यांची रांग, त्यामुळे रात्री ट्यूबच्या उजेडात चौकोन मोजताना डोळे दुखतात. आता मी अगदी बारीक काळी रेघ घेते. ती राखाडीइतकी सौम्य नाही, पण खोडरबराने पुसली जात नाही, हा तिचा मोठा गुण आहे. एकेक नक्षी मी पाच-सहा वेळा खोडते आणि खालची जाळी तशीच राहते. कागदही सुरुवातीला ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) दिला होता, त्यावर तिसऱ्या खोडण्यात लव उठली. १०० जीएसएमचा कागद सांगितल्यापासून ती तक्रार राहिली नाही.

बांधणी हा या वहीचा सर्वांत चांगला भाग आहे, आणि त्याचे श्रेय पूर्णपणे काकांचे आहे. मी बाजूने स्पायरल मागितले होते. "वही कुठे ठेवून बघणार?" असे त्यांनी विचारले. ओट्यावर, असे मी सांगितल्यावर त्यांनी कॅलेंडरसारखी वरच्या बाजूने तार घालून दिली आणि मागे जाड पुठ्ठा लावला. ही वही पिठाच्या डब्याला टेकवून उभी राहते. पोळ्या लाटताना मी नक्षीकडे बघू शकते, आणि बघता बघता पुष्कळ चुका सापडतात; टेबलाशी बसून त्या सापडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मात्र तारेच्या कापलेल्या टोकांकडे लक्ष द्यावे. पहिल्याच आठवड्यात त्या टोकात पांढरी लोकर अडकून तिचा एक पदर ओढला गेला. मी तिथे चिकटपट्टी गुंडाळली आहे. दुकानाने ती टोके आत वळवून द्यायला हवीत.

दुसऱ्या कसोटीसाठी मी ओळींचे आकडे जाळीच्या कडेला छापून घेतले. विणकामाचा तक्ता खालून वर वाचतात, कारण विणणेही खालूनच वर चढते. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि उलट बाजूची डावीकडून उजवीकडे वाचायची, म्हणून विषम आकडे उजव्या कडेला आणि सम आकडे डाव्या कडेला हवेत. छपाईच्या दुकानात हे चमत्कारिक वाटते, आणि मदतनीस मुलाने एकदा आकडे चांगल्या भावनेने वरून खाली लावूनही ठेवले होते. आता मी जिथे थांबते, तिथे एक स्टीलची पट्टी आडवी ठेवून दोन्ही बाजूंना केसांचे चाप लावते. पट्टी चालू ओळीच्या खाली न ठेवता वर ठेवावी, असे मी सर्वांना सांगेन. तसे केल्याने झालेल्या ओळी समोर राहतात आणि आपण विणतो आहोत तो टाका खालच्या टाक्यावर बरोबर बसतो आहे का, हे नजरेला दिसते. कुकरची तिसरी शिट्टी झाली, शाळेच्या ग्रुपवर उद्यासाठी घोटीव कागद आणायचा निरोप आला, दारात गॅसवाला उभा राहिला, तरी उठताना मनात आकडा धरून ठेवावा लागत नाही.

मोबाईलवर ओळी मोजणारी आणि तक्ते काढून देणारी ॲप आहेत, हे मला माहीत आहे, आणि त्यांतली दोन मी वापरलीही. छापण्यायोग्य स्वच्छ तक्ता हवा असेल तर ती उपयोगी आहेत. पण कणकेच्या हाताने पडदा उघडत नाही, आणि आमच्या घरातला मोबाईल संध्याकाळी सहानंतर माझा नसतो.

या वहीची खरी परीक्षा सासूबाईंनी घेतली. त्या चाळीस वर्षे विणत आहेत आणि त्यांनी आयुष्यात कधी तक्ता पाहिलेला नाही. चार सुलट, दोन उलट, असे पुटपुटत त्या विणतात आणि सगळे नमुने तोंडपाठ आहेत. मी एका स्वेटरची पाठ या वहीवर मांडत होते. नक्षी ६ टाक्यांची आणि शेवटी एक जादा टाका, म्हणून तीन मापांना ६१, ६७ आणि ७३ टाके येत होते. मी डबा भरायला उठले असताना त्यांनी वही मांडीवर घेतली, आणि मी परतले तेव्हा त्या सत्ताविसाव्या ओळीवर बोट ठेवून बसल्या होत्या. "इथे डावीकडे टाका कमी केलास आणि उजवीकडे विसरलीस. मुंढे वाकडे येतील." चौकोन टाक्यासारखे दिसत होते म्हणूनच त्यांना तो कागद वाचता आला, याबद्दल मला शंका नाही. गणिताच्या वहीवरची माझी जुनी नक्षी त्यांना दाखवली, तेव्हा त्यांनी ती उलटी धरली होती.

याच स्वेटरने वहीची मर्यादाही दाखवून दिली. पानावर चौकोन ६६ आणि मोठ्या मापाला टाके ७३. दोन्ही बाजू सारख्या असतील तेव्हा अर्धी पाठ काढून भागते, पण पुढच्या बाजूला एकाच खांद्यावर बटणपट्टी असेल तर पान चिकटवत बसावे लागते. शिवाय दोन्ही बाजूंनी सुलटच विणायच्या विणीला ही वही निरुपयोगी आहे. तिथे ओळी दबून बसतात आणि एका टाक्याच्या रुंदीत दोन ओळी मावतात, त्यामुळे एक चौकोन म्हणजे दोन ओळी धरून मुलाची गणिताची वहीच अधिक अचूक ठरते. ती मी अजून टाकलेली नाही.

साठ पानांची, एका बाजूने छापलेली, १०० जीएसएम कागदाची वही मला ३०० रुपयांना पडली. दुकानातल्या साध्या ग्राफच्या वहीपेक्षा ही किंमत बरीच जास्त आहे; उसवलेल्या दुपट्याच्या लोकरीपेक्षा मात्र कमी आहे. सांगितल्या दिवशी वही तयार असेलच, असे नाही. परीक्षांच्या दिवसांत तिथे प्रोजेक्टच्या फायलींची रांग लागते आणि माझी दुसरी वही चार दिवस उशिरा मिळाली. फोन करून विचारले की "झालंय, या" असे उत्तर येते आणि गेल्यावर तार घालायची बाकी असते. एवढ्यासाठी मी पाचपैकी एक गुण कापते.

मागवणाऱ्यांनी पीडीएफ न्यावी, सोबत स्वतःच्या हाताने विणलेला तुकडा न्यावा, कारण प्रत्येकीचा हात वेगळा आणि घट्ट विणणाऱ्या बाईचे प्रमाण माझ्यापेक्षा वेगळे येऊ शकते, आणि पहिले पान समोर मोजून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. तिसरी वही मी ए-थ्री कागदावर, मधोमध घडी घालून मागितली आहे, म्हणजे ७३ टाके एका पानावर बसतील. घडीच्या रेघेवर चौकोन अर्धा कापला जाईल का, असे काकांनी स्वतःच विचारले आणि नमुन्याचे एक पान घडी घालून माझ्याकडे दिले. ते सध्या पिठाच्या डब्याला टेकवून ठेवले आहे.