फुल एचडी, क्यूएचडी की फोरके? ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसायला किती पिक्सेल लागतात

आमच्या सोसायटीतल्या एक काकू गेली पंचवीस वर्षं घरून मुद्रितशोधनाचं काम करतात. पूर्वी कागदांचे गठ्ठे यायचे, आता पीडीएफ येतात. महिन्यापूर्वी जिन्यात गाठून म्हणाल्या, “मॉनिटर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो फोरकेच घ्या. मुलगा म्हणतो कशाला, चोवीस इंची साधा पुष्कळ झाला. तू त्यातला किडा आहेस, तूच सांग.”

योगायोगाने माझ्याकडे तिन्ही प्रकार आहेत: जुना २४ इंची फुल एचडी, ऑफिसने दिलेला २७ इंची क्यूएचडी आणि गेल्या वर्षी स्वतःच्या पैशांनी घेतलेला २७ इंची फोरके. रविवारी दुपारी तिन्ही टेबलावर ओळीने मांडले, काकूंकडचंच एक पान तिन्हींवर उघडलं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. पुढचं लिखाण त्या दुपारचं, आणि थोडी माझी आकडेमोड.

आधी आकडे उरकून टाकू. पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यांत बारीक ठिपका. (‘२४ इंची’ पॅनेल बहुधा २३.८ इंचांचा आणि ‘३२ इंची’ ३१.५चा असतो, आकडे त्यावरून काढलेत.)

| मॉनिटर | एकूण पिक्सेल | दर इंचाला | इतक्या अंतरापलीकडे पिक्सेल सुटे दिसत नाहीत |
|---|---|---|---|
| २४ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) | २०.७ लाख | ९३ | ९४ सेंमी |
| २७ इंची फुल एचडी | २०.७ लाख | ८२ | १०७ सेंमी |
| २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४०) | ३६.९ लाख | १०९ | ८० सेंमी |
| २७ इंची फोरके (३८४० × २१६०) | ८२.९ लाख | १६३ | ५४ सेंमी |
| ३२ इंची फोरके | ८२.९ लाख | १४० | ६२ सेंमी |

शेवटचा रकाना महत्त्वाचा. ६/६ नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील सुटा पाहू शकतो, त्यावरून ही अंतरं काढली आहेत. टेबलाशी बसल्यावर डोळा आणि स्क्रीन यांत बहुतेकांचं अंतर साठ सेंटिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे फुल एचडी आणि क्यूएचडी दोन्ही सीमेच्या अलीकडे राहतात, २७ इंची फोरके पलीकडे जातो. अर्थात ही सीमा म्हणजे भिंत नव्हे. तिरप्या रेषेतल्या पायऱ्या डोळा याहूनही बारीक टिपतो, म्हणून ‘यापुढे काही फरकच नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

इथवर जे आहे ते कुठल्याही इंग्रजी परीक्षणात मिळेल. आपला मुद्दा वेगळा आहे. ही सगळी परीक्षणं रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात.

रोमन अक्षराला बहुतेक वेळा एकाच मजल्यावर राहायचं असतं. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. विंडोजमध्ये १०० टक्के स्केलिंगवर (म्हणजे अक्षरं-चिन्हं मोठी करून न दाखवता) ११ पॉइंटच्या अक्षराला उभ्यात जेमतेम १५ पिक्सेल मिळतात. त्यात वरचा मजला आणि तळघर वजा करा. ‘ष्ट्य’सारख्या जोडाक्षराने उरलेल्या सात-आठ पिक्सेलांत काय काय मांडायचं? अशा वेळी फॉन्ट बिचारा तडजोड करतो: ‘ष’च्या पोटातली रेघ करड्या ठिपक्यात विरते आणि ‘ष’चा ‘प’ होतो. ‘ब’चा ‘व’ होतो. ‘द्ध’ आणि ‘द्व’ सख्खी भावंडं वाटू लागतात. आणि सगळ्यांत घातक जोड्या म्हणजे घ-ध आणि भ-म, कारण त्यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा. ती फट एक पिक्सेल रुंद असेल तर असून नसल्यासारखीच.

काकूंच्या पानावर न्यायालयीन मजकूर होता. २४ इंचीवर त्यांनी पान वाचून ‘ठीक’ म्हटलं. क्यूएचडीवर एका ओळीपाशी थबकल्या, पण पुढे गेल्या. फोरकेवर तिसऱ्याच ओळीत बोट ठेवलं: ‘भरणपोषण’ऐवजी ‘मरणपोषण’. त्या ओळीवरून त्यांची नजर आधी दोनदा गेली होती. मेंदू सवयीने योग्य शब्द वाचतो हे त्यांच्या धंद्यातलं जुनं दुखणं, पण स्क्रीन त्याला साथ देत होती हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. (एका पानावर प्रयोग होत नाही, मान्य. तेच पान तिसऱ्यांदा वाचल्याचा फायदाही होताच. नंतर दोन नवी पानं उलट्या क्रमाने वाचायला दिली. तेव्हा फरक इतका नाट्यमय नव्हता, पण फोरकेवर त्या पान मोठं न करता वाचत होत्या आणि २४ इंचीवर दर दोन परिच्छेदांनी कंट्रोल दाबून चाक फिरवत होत्या.)

म्हणून मी म्हणतो, निव्वळ इंग्रजी मेल आणि एक्सेल हेच काम असेल तर क्यूएचडीवर भागतं. दिवसाचे चार तास देवनागरी वाचायची असेल तर फोरकेची किंमत वसूल होते.

आता क्यूएचडीची बाजू, कारण त्याच्यावर अन्याय नको. फुल एचडीवरून क्यूएचडीवर आलात की पहिली गोष्ट मिळते ती जागा. दोन पानं शेजारी शेजारी मावतात. पण अक्षरं लहान होतात: तेच १०० टक्के स्केलिंग ठेवलं तर २४ इंची फुल एचडीपेक्षा अंदाजे पंधरा टक्क्यांनी. चाळिशी ओलांडलेला माणूस आठवड्याभरात १२५ टक्के करतो, आणि मिळालेली बरीचशी जागा परत देतो. २७ इंची फोरके १५० टक्क्यांवर ठेवला की जागा अगदी क्यूएचडीइतकीच आणि अक्षरंही तेवढीच, फक्त प्रत्येक अक्षराला सव्वादोनपट पिक्सेल. फोरके म्हणजे चौपट जागा हा समज दुकानात फार ऐकू येतो. ती जागा १०० टक्के स्केलिंगवरच मिळते, आणि तेव्हा अक्षरं मुंगीएवढी होतात.

स्केलिंगची एक कटकट सांगून ठेवतो. जुन्या पद्धतीने लिहिलेली सॉफ्टवेअरं, विशेषतः हिशेबाची आणि काही डीटीपीची (छपाईची पानं लावायची), १५० टक्क्यांवर धुरकट दिसतात किंवा त्यांचे मेनू चिमुकले होतात. त्या प्रोग्रॅमच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे डीपीआयच्या बटणात ‘सिस्टीम (एनहान्स्ड)’ हा पर्याय निवडून पाहा. बऱ्याचदा सुधारतं. नाही सुधारलं आणि तेच सॉफ्टवेअर तुमची रोजीरोटी असेल, तर क्यूएचडी १०० टक्क्यांवर हाच शहाणपणा.

मॅकवाल्यांचं गणित वेगळं. २०१८च्या मोहावेपासून मॅकओएसने अक्षरांच्या कडा प्रत्येक पिक्सेलातल्या लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांनी मऊ करणं सोडलं. सगळी भिस्त दाट स्क्रीनवर टाकली. त्यामुळे विंडोजवर बरा दिसणारा क्यूएचडी मॅकला जोडला की अक्षरं पुसट वाटतात. मॅक असेल तर क्यूएचडीचा विचार सोडा.

खेळणाऱ्यांचंही वेगळं, आणि तिथे क्यूएचडी जिंकतो. फोरकेमध्ये ग्राफिक्स कार्डाला क्यूएचडीच्या सव्वादोनपट पिक्सेल रंगवावे लागतात. ज्या पैशांत साधा ६० हर्ट्झचा (सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारा) फोरके येतो, त्यात किंवा त्याहून कमीत १४४ हर्ट्झच्या पुढचा क्यूएचडी मिळतो. भरधाव चित्रात गुळगुळीतपणा डोळ्याला आधी जाणवतो, तीक्ष्णपणा नंतर.

फोरके घेतल्यावर पहिला आठवडा मी त्याला शिव्या घालत होतो. माउस ओढल्यासारखा चालायचा, खिडकी सरकवली की मागे शेपूट. परत करायला खोकं बांधलंसुद्धा. मग लक्षात आलं की माझ्या जुन्या लॅपटॉपची एचडीएमआय १.४ आवृत्तीची आहे, आणि ती फोरके चित्र सेकंदाला तीसच वेळा पाठवू शकते. साठसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी लागतं, नाहीतर चित्र वाहणारं यूएसबी-सी. खोकं सोडलं, दुसरी वायर आणि दुसरं भोक वापरलं, प्रश्न मिटला. मॉनिटर ठरवण्याआधी आपल्या यंत्राच्या पाठीमागे काय आहे ते पाहा. साध्या कामासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड मात्र लागत नाही. गेल्या सात-आठ वर्षांतले बहुतेक प्रोसेसर फोरके सहज ओढतात.

एकच पर्याय मी कोणालाच सुचवणार नाही: २७ इंची फुल एचडी. दिसायला भव्य, किमतीला गोड, म्हणून खूप खपतो. पिक्सेल २४ इंचीएवढेच, फक्त ताणलेले. पोस्टर जवळून वाचल्यासारखं होतं. माझ्या भाच्याला एका दुकानाने ‘एचडीच आहे, मोठं दिसतं’ म्हणत तो गळ्यात मारला. त्याच्या १५.६ इंची लॅपटॉपवर दर इंचाला १४१ पिक्सेल आहेत, शेजारी हा ८२चा. पोरगं म्हणे मॉनिटर बिघडलेला आलाय. बिघडलेला नव्हता. स्वस्तातल्या फुल एचडी लॅपटॉपची स्क्रीनही टेबलावरच्या बहुसंख्य मॉनिटरांपेक्षा दाट असते हे कुणी सांगतच नाही, आणि मॉनिटर घेतल्यावरच डोळ्यांना खुपायला लागतं.

तीक्ष्ण स्क्रीन ही काही नवी चैनही नाही. आयबीएमने २००१मध्येच २२.२ इंची, ३८४० × २४०० पिक्सेलचा मॉनिटर काढला होता, दर इंचाला २०४ पिक्सेल. किंमत मोटारीची. सर्वसामान्यांच्या हाती तो दाटपणा आला तो आधी फोनमधून, २०१०च्या आयफोन ४च्या ३२६ पिक्सेलांसह. टेबलावरचा मॉनिटर या शर्यतीत मागे राहिला. आपण दिवसभर खिशातल्या पडद्यावर छापील अक्षर पाहतो आणि पगाराचं काम मात्र ९३वर करतो.

उलट बाजूला फोन आणि टीव्ही नको तितके पुढे गेले. सोनीने २०१५मध्ये फोरके स्क्रीनचा फोन काढला, दर इंचाला तब्बल ८०६ पिक्सेल. तो फोनसुद्धा एरवी बहुतेक गोष्टी फुल एचडीतच रंगवायचा. टीव्हीचं गणित हॉलच्या लांबीचं. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे पिक्सेल पावणेदोन मीटरपलीकडून सुटे दिसत नाहीत, आणि आपला सोफा दहा फुटांवर. वर लागलेली वाहिनी साध्या एसडीची, म्हणजे फुल एचडीहून कितीतरी कमी पिक्सेलांची. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून बदलायची घाई करणाऱ्यांनी आधी टेप घेऊन हॉल मोजावा. आपल्या २७ इंची मॉनिटरला तो आधीपासूनच १८ होता, तिथे काही बदललं नाही.

पैशांचं म्हणाल तर मी विचारणा केली तेव्हा बऱ्यापैकी आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) २४ इंची फुल एचडी आठ-दहा हजारांत, २७ इंची क्यूएचडी सोळा ते वीसमध्ये आणि २७ इंची फोरके बावीसच्या पुढे होता. भाव सणासुदीला हलतात, दोन दुकानांतही जुळत नाहीत. माझ्या मते मुलांच्या अभ्यासाला आणि अधूनमधून वापराला २४ इंची फुल एचडी पुरे. खेळ आणि मिश्र काम असेल तर क्यूएचडी. वाचणं-लिहिणं हेच काम असेल, त्यातही मराठी, तर फोरके. फोटो आणि लांबलचक तक्ते दोन्ही असतील आणि टेबल खोल असेल, तर ३२ इंची फोरके पाहा.

पण संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर मॉनिटर राहू द्या, आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. आणि चष्म्याचा नंबर तपासून दोन वर्षं झाली असतील तर त्याच्याही आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. प्रोग्रेसिव्ह काच असणाऱ्यांना मोठी स्क्रीन मान वर करून वाचावी लागते. मॉनिटरचा स्टँड खालीवर होणारा आहे ना, हे पाहणं त्यांच्यासाठी पिक्सेलांहून मोलाचं.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ न्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, तिथे सगळ्या स्क्रीनवर पोपट आणि धबधबे चालू असतात. ते सगळीकडेच छान दिसतात. ‘उद्ध्वस्त’, ‘वैशिष्ट्य’, ‘दऱ्याखोऱ्या’ असे शब्द साध्या आकारात उघडायला सांगा आणि हातभर अंतरावर उभे राहा.

काकूंनी २७ इंची फोरके घेतला. मी १५० टक्क्यांवर लावून दिला. दोन दिवसांनी जाऊन पाहतो तर त्यांनी स्वतःच २०० करून ठेवलेलं, म्हणजे जागा त्या साध्या चोवीस इंचीएवढीच. मी म्हटलं, “काकू, दोन पानं शेजारी नाही मावणार आता.” त्या म्हणाल्या, “मी एका वेळी एकच पान वाचते रे.”

परवा काकूंचा फोन आला. कोणाला जुना मॉनिटर हवाय का म्हणून.