स्क्रबर वायरचा घ्यावा की बॅटरीचा? सांभाळणाऱ्याच्या बाजूने

सोसायटीत फरशी घासायचं मशीन घ्यायचं ठरलं की कमिटीत आधी किमतीवर चर्चा होते आणि मग वायरचं की बॅटरीचं यावर. मशीन रोज कोण धुणार आणि कुठे उभं करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. मी आधी परळच्या एका रुग्णालयात हाउसकीपिंग बघायचो, आता कांदिवलीच्या एका मोठ्या सोसायटीत बघतो. दोन्ही प्रकारची मशीन्स हाताखालून गेली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. पार्किंग, पोडियम, जिने उतरल्यावरची लॉबी अशा ठिकाणी वायरचं घ्या. रुग्णालय, मॉल, शाळा अशा वर्दळीच्या जागी बॅटरीचंच लागतं, पण चार्जिंगची जागा नक्की झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

खरं तर बऱ्याचशा तक्रारींचा वायरशी किंवा बॅटरीशी काही संबंध नसतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये मशीनच्या मागे पाण्याच्या दोन रेघा राहायला लागल्या. दुरुस्तीवाल्याने फोनवरच व्हॅक्यूमची, म्हणजे घाण पाणी ओढून घेणारी मोटर गेल्याचं सांगितलं. मी स्क्वीजीकडचा, म्हणजे मागे पाणी गोळा करणाऱ्या रबरी पट्टीकडचा पाइप काढून त्याच्या तोंडावर तळहात धरला, तर ओढ जेमतेम. मग टाकीकडचं टोक सोडवून तिथे हात लावला, तर तो चिकटूनच बसला. म्हणजे मोटर ठणठणीत होती, अडकलं होतं ते पाइपात. पाइप सरळ धरून आत पाण्याचा जोरदार फवारा सोडला, तेव्हा वळणातून दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा आणि त्याभोवती केस आणि सुतळीचा गोळा बाहेर पडला. खर्च शून्य झाला.

मशीन पाणी ओढत नसेल तर याच क्रमाने बघा. घाण पाण्याची टाकी भरली आहे का? झाकणाचं रबर नीट बसलंय का? आतला तरंगणारा बॉल फेसामुळे वर अडकलाय का? मग पाइप, आणि शेवटी स्क्वीजीचं रबर. या रबराला बहुतेक मशीनमध्ये चार कडा असतात. एक झिजली की उलटून दुसरी वापरता येते, हे माहीत नसल्यामुळे चांगली रबरं फेकली जाताना मी पाहिली आहेत. फेसाचं कारण बहुतेकदा एकच, केमिकल अंदाजाने ओतणं. फेस वर चढून मोटरमध्ये गेला की मोटर खरोखर जाते. म्हणून आमच्याकडे मापाचं झाकण मशीनलाच बांधून ठेवलंय. टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिड टाकीत कधीच घालू नका. त्याने मशीन खराब होतंच, शिवाय लॉबीतल्या मार्बलची चकाकी एका सकाळीत जाते.

आता वायरचं. याचं दुखणं डोळ्यांना दिसतं आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. केबल मशीनमध्ये शिरते तिथे किंवा प्लगपाशी मोडते, कधी ब्रशखाली येऊन सोलली जाते. रोज काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसत गुंडाळली तर चीर हाताला लागते. मात्र पुसण्याआधी प्लग काढलेला हवा. चिकटपट्टी लावून काम चालवू नका, पाण्यात चालणारं मशीन आहे. ज्या पॉइंटवर लावणार तिथे पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. काम प्लगपासून सुरू करून लांब जायचं, केबल खांद्यावरून मागे सोडायची. उलटं केलं तर केबल ब्रशखाली आलीच म्हणून समजा. एक्स्टेन्शन लागलं तर जाड तारेचं घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली रीळ तापते, आणि बारीक तारेत व्होल्टेज पडून मोटरही तापते. मोटरचे कार्बन झिजले तर ते बदलता येतात, आणि मोटर बांधून देणारा माणूस मुंबईत जवळपास प्रत्येक उपनगरात सापडतो. प्लग-केबलसाठी विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ आहेच.

बॅटरीचं मशीन चालवायला सुखाचं. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर येत असताना जमिनीवर वायर पसरणं शक्यच नव्हतं. पण बॅटरी हळूहळू मरते आणि ते कुणाला दिसत नाही. एका ठिकाणी वर्षाच्या आतच तीन तास चालणारं मशीन चाळीस मिनिटांत दम टाकायला लागलं. सगळे कंपनीला दोष देत होते. मी एक रात्र थांबलो. चार्जरचा पॉइंट पंपरूममध्ये होता आणि अकरा वाजता वॉचमन पार्किंगच्या दिव्यांबरोबर तो मेन स्विचही बंद करत होता. म्हणजे बॅटरी रोज अर्धवटच चार्ज व्हायची. लेड-ॲसिड बॅटरी अशी अर्धी उपाशी राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. बुचं उघडली तर पाणीही प्लेटांच्या खाली गेलेलं.

म्हणून बॅटरीचं घेणार असाल तर कुठली, हा वेगळा निर्णय आहे. पाणी भरावं लागणारी लेड-ॲसिड, म्हणजे पाण्याची बॅटरी स्वस्त, पण तिला नियमाने डिस्टिल्ड वॉटर लागतं. नळाचं नाही, आरओचंही नाही. पाणी चार्जिंग झाल्यावर भरायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधी प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या बुडतील एवढंच घालायचं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा खोली हवेशीर हवी आणि जवळ विडी-सिगारेट नको. जेल बॅटरीला पाणी लागत नाही, पण चार्जर तिच्याच सेटिंगचा हवा, नाहीतर ती फुकट जाते. लिथियम महाग, मात्र जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लावली तरी चालते. ज्यांच्याकडे माणसं सारखी बदलतात त्यांना मी पाण्याची बॅटरी घ्या असं कधीच सांगणार नाही. जेल घ्या.

मुंबईच्या दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड जमते. ती पुसून वर पेट्रोलियम जेली लावायची, पावसाळ्यात जरा लवकर लवकर. मशीन आणि चार्जर तळघरात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि कमी पावसातही बेसमेंटमध्ये पाणी शिरलेलं आपण दरवर्षी बघतो. वायरचं मशीन वाळवून निदान तपासता येतं. बॅटरी आणि चार्जर बुडाले तर खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो.

एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, दोन्हींसाठी घ्या, पण कागद वाचून. रबर, पॅड आणि बॅटरी बहुधा त्यात नसतात.

डेमो तुमच्याच फरशीवर, तुमच्या कामाच्या वेळी मागा. मशीन सेल्सवाल्याला चालवू देऊ नका, जो मुलगा रोज वापरणार आहे त्याच्या हातात द्या. काम झाल्यावर त्याला स्क्वीजी काढून धुवायला, घाण पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायला आणि रबर उलटून परत बसवायला सांगा. कुणाला न विचारता, पाना न शोधता त्याला हे जमलं तर भावाचं बोलायला बसा.