पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं पॅकेज: पोरगा चांगला, जेल तेच

5 पैकी अडीच. परळला आमची जुनी बिल्डिंग, खाली हॉटेल, म्हणजे झुरळं आलीच. मागच्या जूनमध्ये जवळच्याच एका पेस्ट कंट्रोलवाल्याचं एएमसी घेतलं, 3 व्हिजिट, वास नाही, भांडी काढायची भानगड नाही, जेलचे ठिपके लावून जातात. कंपनीचं नाव लिहीत नाही, येणारा पोरगा गुणी आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

पहिल्या व्हिजिटचा रिझल्ट एकदम भारी. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, सिंकखाली, फ्रिजच्या रबरामागे मोहरीएवढे ठिपके, आणि आठवडाभर रोज सकाळी सुपली भरून मेलेली झुरळं. सासूबाई म्हणाल्या पैसे वसूल. दिवाळीनंतर परत सुरू, ती छोटी तपकिरी, मानेवर दोन काळ्या पट्टेवाली. परत तेच जेल, या खेपेला कमी मेली. तिसऱ्या व्हिजिटनंतर एकदा रात्री पाणी प्यायला उठले, मोबाईलचा टॉर्च मारला तर एक जण ठिपक्यापाशी आला, मिशा फिरवल्या, तोंड लावलं आणि चटका बसल्यासारखा मागे उडाला. शेजारी पडलेला पोळीचा तुकडा मात्र निवांत खात बसला!

पोरगा म्हणतो, "ताई, त्यांना सवय झालीय." मी बारावीला बायोलॉजी शिकवते त्यामुळे गप्प बसवेना. सवय नाही रे बाबा, तो एकटा झुरळ काही शिकला नाहीये. असल्या जेलमध्ये आमिष म्हणून गोड घालतात, बऱ्याचदा ग्लुकोज. थोडी झुरळं जन्मतःच अशी असतात की त्यांना ग्लुकोज कडू लागतं, जीनमधला फरक. एरवी हा तोटाच, ग्लुकोजवाल्या खाण्यावर अशी पिल्लं हळू वाढतात. पण घरोघरी जेल लागलं की गोडघाशी मरतात, ही तोंड वाकडं करणारी उरतात, आणि मादीच्या अंड्यांच्या एका पिशवीतून 30-40 पिल्लं, काही महिन्यांत पुढची पिढी तयार. फ्लोरिडातल्या झुरळांमध्ये हे सापडल्याचं 1993 ला छापून आलं, आणि 2013 ला कळलं की ग्लुकोज लागल्यावर त्यांच्या तोंडाजवळच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशीच जाग्या होतात. (हे म्हणे जर्मन झुरळ. 2024 च्या डीएनए अभ्यासात मूळ निघालं आपल्याच बाजूला, भारत-म्यानमारकडे, 2100 वर्षांपूर्वीचं. घरचंच आहे म्हणजे.)

आता आमच्याकडची गोड चव टाळतायत की विषच पचवतायत हे लॅबशिवाय कळायचं नाही, पण उपाय दोन्हीला सारखाच, आमिष आणि औषध दोन्ही आलटून पालटून बदला. ऑफिसला फोन केला तर बाई म्हणाल्या, "मॅडम, आमचं बेस्ट जेल आहे, 4 वर्षं तुमच्या अख्ख्या बिल्डिंगला हेच लावतोय." अहो, म्हणूनच तर!

वेळ पाळणं, ओटा पुसून जाणं, बोलणं, सगळ्यात फुल मार्क्स. अडीच कापले ते ऑफिसच्या हट्टाला. सध्या सासूबाईंच्या कणीक आणि बोरिक पावडरच्या गोळ्या ठेवल्यात, साखर न घालता, त्यावरून घरात वेगळा वाद चालूच आहे. जूनमध्ये रिन्यूअलचा फोन आला की आधी ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो मागणार, तीच ट्यूब असेल तर पैसे देणार नाही.